हाडांच्या नावाने टेस्टोस्टेरॉन विकू नका : मुंबईतल्या पुरुष-आरोग्य क्लिनिकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या पुरुष-आरोग्य क्लिनिकांचे चालक, तिथे चिठ्ठीवर सही करणारे डॉक्टर आणि तपासणीची पॅकेजेस विकणाऱ्या प्रयोगशाळा यांस,

सप्रेम नमस्कार.

थकवा, सुटलेले पोट, कमी झालेली लैंगिक इच्छा ही तुमच्या जाहिरातींतली यादी आम्हाला पाठ झाली होती. आता तिच्यात ‘हाडांची मजबुती’ आली आहे. हाऊसिंग सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी शिबिर लागते. पंचेचाळिशीचा माणूस एका टेबलावर मशीनमध्ये टाच ठेवतो, शेजारच्या टेबलावर रक्त देतो, आणि दोन दिवसांनी त्याच्या मोबाइलवर रिपोर्ट येतो : हाडांची घनता कमी, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन कमी. रिपोर्टखाली इंजेक्शनच्या कोर्सची किंमतही छापलेली असते.

आम्ही हॉर्मोन, हाडे आणि प्रयोगशाळा यांच्या कामातली मुंबईतली काही मंडळी आहोत. तुमचा कोर्स संपल्यावर हा माणूस आमच्याकडे येतो, रक्त घट्ट झालेले, शुक्राणू शून्यावर आलेले, आणि हाडे आधी होती तशीच ठिसूळ. कधी कधी तो मणका दबल्यावरच येतो. हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आले असते. उघड लिहिले, कारण शिबिराच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानेही ते वाचावे.

आधी तुमच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करतो. टेस्टोस्टेरॉन फार कमी असेल तर पुरुषाची हाडे झिजतात. वृषण किंवा मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बिघडलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिले की घनता वाढते, आणि हा परिणाम पुरता दिसायला साधारण दोन वर्षे लागतात. पासष्टीच्या पुढच्या पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल लावल्यावर मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता ७.५ टक्के वाढली. औषध नसलेले नुसते जेल लावणाऱ्यांत ती ०.८ टक्के वाढली. तुमच्या माहितीपत्रकात हाच आलेख छापलेला असतो, आणि तो खोटा नाही.

पण घनता वाढणे म्हणजे फ्रॅक्चर टळणे नव्हे. ती २०१७ ची चाचणी २११ पुरुषांची आणि एका वर्षाची होती. फ्रॅक्चर मोजण्याइतकी ती मोठीच नव्हती. फ्रॅक्चर मोजले गेले ते ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत. तिच्यात ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले ५,२०४ पुरुष होते. सर्वांचे टेस्टोस्टेरॉन दोनदा तपासून ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलेले होते, आणि पाठपुरावा साधारण तीन वर्षांहून थोडा जास्त चालला. २०२४ च्या जानेवारीत हाडांचे निकाल आले. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ३.५० टक्के पुरुषांना फ्रॅक्चर झाले, न घेणाऱ्यांत २.४६ टक्क्यांना. औषधाच्या गटात फ्रॅक्चर कमी न होता जास्त निघाले. याच्या कारणाचा निकाल अजून लागलेला नाही. पण ‘हाडे मजबूत करा’ असे लिहून हे औषध विकायचा आधार त्या दिवशी संपला. तुमच्या माहितीपत्रकात २०१७ आहे आणि २०२४ नाही, ही आमची मुख्य तक्रार.

ट्रॅव्हर्सचा अर्थही नीट लावला पाहिजे. त्यात १०० च्या खालचे टेस्टोस्टेरॉन असलेले पुरुष घेतलेच नव्हते. बहुतेक जण स्थूल, मध्यमवयीन किंवा वयस्क, आणि आकडा थोडा उतरलेले, म्हणजे नेमके तुमच्या शिबिरात येणारे लोक. क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा (जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असलेला) तरुण, पिट्युटरीची गाठ काढलेला रुग्ण किंवा दोन्ही वृषणे गमावलेला माणूस यांना हा निकाल लागू करू नये. त्यांना टेस्टोस्टेरॉन लागतेच, आणि तेही वर्षानुवर्षे. हे वाचून त्यांच्यापैकी कोणी औषध बंद करू नये, असे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो.

आता तुमच्या शिबिराच्या त्या दोन टेबलांकडे वळू.

टाचेचे मशीन हे अल्ट्रासाउंडचे असते. चाळणी म्हणून त्याचा थोडा उपयोग आहे. पण ‘टी-स्कोर (निरोगी तरुणाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच ठिसूळ हाडांचा आजार’ ही व्याख्या खुबा, मणका आणि मनगटाजवळच्या हाडाच्या डेक्सा (क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या) स्कॅनसाठी केलेली आहे, टाचेसाठी नाही. शिवाय पन्नाशीच्या आतल्या पुरुषाचा टी-स्कोर बघायचाच नसतो, त्याच्या वयाशी तुलना करणारा झेड-स्कोर बघायचा असतो, आणि तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर कारण शोधायचे असते. बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात टाचेचा टी-स्कोर देऊन त्याला ऑस्टिओपोरोसिसचा रुग्ण ठरवणे म्हणजे एका वाक्यात दोन चुका करणे. डेक्सातही खाचखळगे आहेत. साठीच्या पुढे कमरेच्या मणक्यांना हाडाचे काटे फुटलेले असतात, त्यामुळे मणक्याची घनता आहे त्याहून चांगली दिसते. अशा वेळी खुब्याचा आकडा धरायचा, आणि उंची तीन-चार सेंटिमीटर घटली असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायचा. दबलेला मणका कित्येकदा दुखतही नाही, तो फक्त त्या एक्स-रेत सापडतो.

रक्ताच्या टेबलावरचा गोंधळ याहून मोठा आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते. खाल्ल्यावरही ते उतरते. ग्लुकोज प्यायल्यावर साधारण पाव हिश्शाने खाली जाते. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी घ्यायचा. शिबिर अकराला सुरू होते आणि लोक पोहे खाऊन येतात. घरपोच नमुना घेणारा मुलगा बोरिवलीची चार घरे करून पाचव्या घरी पोहोचतो तोवर साडेदहा वाजतात. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पोलीस, कॉल सेंटरमधला मुलगा यांची सकाळ आपली सकाळ नसते. त्यांचा नमुना झोपून उठल्यावर दोन-तीन तासांत घेतला पाहिजे, आणि ‘किती वाजता उठलात’ हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये नाही. ताप, डेंग्यू, ऑपरेशन, झोपेविना गेलेला आठवडा यांतही आकडा पडतो. आजारातून उठल्यावर काही आठवडे थांबून तपासावे.

एवढे सगळे पाळूनही एका आकड्यावर निदान होत नाही. पहिला आकडा कमी आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पुरुषांचा दुसरा आकडा नॉर्मल येतो. म्हणून वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासणी करायची. स्थूल आणि मधुमेही पुरुषात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे एसएचबीजी हे प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसते पण मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेले, टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकते. मुंबईत मधुमेह घरोघरी आहे. तेव्हा सीमेवरच्या आकड्याला एसएचबीजी आणि अल्ब्युमिन घेऊन मुक्त टेस्टोस्टेरॉनचे गणित करणे हा खर्च वायफळ नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर आकडा चुकतो, हेही प्रयोगशाळांनी विचारायला हवे.

आकडा खरोखर कमी निघाला तर पुढचा प्रश्न : का कमी? त्यासाठी एलएच आणि एफएसएच ही पिट्युटरीतून वृषणांना आज्ञा देणारी हॉर्मोन तपासावी लागतात. ते वाढलेले असतील तर दोष वृषणात. ते कमी किंवा ‘नॉर्मल’ असतील तर दोष वर, पिट्युटरीकडे किंवा मेंदूकडे. मग प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे आणखी एक हॉर्मोन बघायचे, आणि टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली असेल, डोकेदुखी असेल किंवा दृष्टी कडेने कमी होत असेल तर पिट्युटरीचा एमआरआय करायचा. तुमच्या पॅकेजमध्ये पन्नासहून जास्त चाचण्या असतात, व्हिटॅमिन बी-१२ असते, यूरिक अ‍ॅसिड असते, पण एलएच नसते. आणि एकदा इंजेक्शन दिले की एलएच दबते. मग मूळ कारण शोधायला औषध थांबवून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. त्या काळात रुग्णाला जो त्रास होतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

याहून आम्हाला जास्त खटकते ती ‘इस्ट्रोजन कंट्रोल’ची गोळी. काही क्लिनिके टेस्टोस्टेरॉनबरोबर अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल देतात, कारण पुरुषाला इस्ट्रोजन नको अशी समजूत आहे. पुरुषाच्या हाडाला इस्ट्रोजन हवेच. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात अ‍ॅरोमाटेज या विकराने इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजन, होतो, आणि हाड झिजू न देण्याचे बरेचसे काम तेच करते. इस्ट्रोजनला प्रतिसादच न देणाऱ्या एका तरुणाची नोंद १९९४ मध्ये झाली : टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, उंची २०४ सेंटिमीटर, अठ्ठाविसाव्या वर्षीही हाडांची वाढीची टोके बंद झालेली नाहीत आणि हाडे ठिसूळ. २००९ च्या एका अभ्यासात वयस्क पुरुषांना वर्षभर अ‍ॅनास्ट्रोझोल दिले, तर टेस्टोस्टेरॉन वाढले आणि मणक्याची घनता घटली. हाडांसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉन द्यायचे आणि त्याच चिठ्ठीवर त्याचे इस्ट्राडायॉल होऊ न देणारी गोळी लिहायची, हा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे.

ठिसूळ हाडांची कारणे टेस्टोस्टेरॉनपाशी संपत नाहीत, बहुतेकदा तिथे सुरूही होत नाहीत. दमा, सांधेदुखी किंवा त्वचेच्या आजारासाठी तीन महिन्यांहून जास्त घेतलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोजची दारू, तंबाखू, फिट्सची काही औषधे, थायरॉइडचे हॉर्मोन वाढणे, पॅराथायरॉइडची गाठ, आतड्याचे शोषणाचे आजार, मूत्रपिंडाचा विकार, मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग. म्हणून घनता कमी निघालेल्या पुरुषाच्या पहिल्या तपासण्या अशा : रक्ताची सर्वसाधारण तपासणी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, पीटीएच (पॅराथायरॉइडचे हॉर्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृताच्या चाचण्या, आणि यांच्या रांगेत टेस्टोस्टेरॉन. अ‍ॅनिमिया किंवा पाठीचे न थांबणारे दुखणे असेल तर प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमा शोधणारी रक्तचाचणी). हे सगळे केल्यावर टेस्टोस्टेरॉन हे एकच कारण उरले, असे क्वचित होते.

ज्यांची हाडे हॉर्मोनमुळेच सर्वांत झपाट्याने झिजतात ते पुरुष तर तुमच्या शिबिरात येतही नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन दाबणारे ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन घेणारे, किंवा त्याच कर्करोगासाठी वृषणे काढलेले. त्यांना टेस्टोस्टेरॉन देता येत नाही. त्यांची हाडे हाडांच्याच औषधांनी सांभाळावी लागतात, आणि सांभाळता येतात. अशा पुरुषांवरच्या चाचणीत डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी दिल्यावर तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर ३.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आली. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ११९९ पुरुषांवरच्या २०१२ च्या दुसऱ्या चाचणीत वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक अ‍ॅसिडने दोन वर्षांतली मणक्याची नवी फ्रॅक्चर ४.९ वरून १.६ टक्क्यांवर आणली. फ्रॅक्चर टाळणारी औषधे म्हणतात ती ही, आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषातही फ्रॅक्चरचा धोका जास्त असेल तर हीच द्यायची असतात. टेस्टोस्टेरॉन त्याच्या लक्षणांसाठी वेगळे, हाडांचे औषध वेगळे.

ती देतानाही हात सैल चालत नाही. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या आधी क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३५ च्या वर आहे ना, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम पुरेसे आहे ना, दात काढायचे काम राहिलेले नाही ना, हे बघायचे. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायला सांगायचे. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, ते आधी सांगितले तर रुग्ण घाबरत नाही. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. डेनोसुमॅब मध्येच सोडले तर मणके एकामागून एक दबू शकतात, म्हणून सहा महिन्यांची तारीख चुकवायची नाही आणि थांबवायचे तर दुसरे औषध जोडूनच. या सगळ्याला खर्च, वेळ आणि समजावून सांगणे लागते. तुमच्या पॅकेजमध्ये ते बसत नाही, हे आम्हाला कळते. म्हणूनच हाडांचे काम तुम्ही अंगावर घेऊ नये.

टेस्टोस्टेरॉन ज्याला खरोखर हवे त्यालाही ते निष्काळजीपणे दिले जाते. सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) आणि वयानुसार पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी व प्रोस्टेटची तपासणी हवी. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, उपचार न केलेला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणे), किंवा नजीकच्या काळात मूल हवे असणे, यांपैकी काहीही असेल तर सुरू करू नये. शेवटची बाब तुमच्याकडे विचारलीच जात नाही. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणे थांबवते. लग्न ठरलेल्या मुलाला हे आधी कळायला नको? तीन ते सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट पुन्हा बघायचे, आणि ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवायचे. इंजेक्शनने ते जेलपेक्षा जास्त वाढते. पातळी कधी मोजायची तेही औषधावर ठरते : एनॅन्थेट प्रकारचे इंजेक्शन असेल तर दोन इंजेक्शनांच्या मध्यावर, १००० मिलिग्रॅमच्या अनडेकॅनोएट या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनसाठी पुढच्या डोसच्या अगदी आधी, जेलसाठी लावल्यानंतर दोन ते आठ तासांत. एनॅन्थेट टोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आकडा बघून ‘उत्तम प्रतिसाद’ लिहिणे चूक आहे. त्या दिवशी तो उंच असणारच.

जेलबद्दल मुंबईपुरती एक गोष्ट. एका खोलीत चार-पाच माणसे झोपणाऱ्या घरात बापाच्या खांद्यावरचे जेल लहान मुलाच्या अंगाला लागते आणि त्या मुलाला वयाआधी केस येऊ लागतात. लावल्यावर साबणाने हात धुणे, जेल सुकू देणे, वर बाह्यांचा शर्ट घालणे, आणि मूल अंगाखांद्यावर घेण्याआधी ती जागा धुणे, एवढे तरी चिठ्ठीवर मराठीत छापा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. हाडांच्या बळकटीचा दावा सर्व जाहिरातींतून आणि माहितीपत्रकांतून काढा. आणि लैंगिक शक्ती वाढवण्याच्या नावाने औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या. टाचेच्या मशीनचा आकडा निदान म्हणून देऊ नका. ज्याचा आकडा कमी येईल त्याला डेक्सासाठी पाठवा. सकाळच्या, उपाशीपोटी घेतलेल्या दोन वेगळ्या नमुन्यांशिवाय टेस्टोस्टेरॉन सुरू करू नका, आणि प्रयोगशाळांनी रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ ठळक छापावी. पहिल्या इंजेक्शनच्या आधी एलएच आणि एफएसएच. अ‍ॅरोमाटेज रोखणारी गोळी हाडांच्या किंवा ‘संतुलना’च्या नावाने देणे बंद. आधी फ्रॅक्चर झालेला, उंची घटलेला किंवा स्टेरॉइडवर असलेला पुरुष तुमच्याकडे आला तर त्याला पॅकेज न विकता अंतःस्रावतज्ज्ञाकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवा. परळच्या केईएमपासून मुंबई सेंट्रलच्या नायरपर्यंत पालिकेची मोठी रुग्णालये याच शहरात आहेत. खासगी फी परवडत नाही म्हणून कोणाचा उपचार अडायचे कारण नाही.

आणि जे सध्या असा कोर्स घेत आहेत त्यांच्यासाठी : इंजेक्शन स्वतःहून तोडू नका, आधी सुरुवातीचे रिपोर्ट मागून घ्या. त्यांत नमुन्याची वेळ, दोन आकडे, एलएच आणि हिमॅटोक्रिट आहेत का बघा. नसतील तर ती कागदपत्रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना भेटा. हिमॅटोक्रिट लगेच तपासा, आणि मूल हवे असेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगा. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, शक्यतो जेवणातून : २५० मिलिलिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असते, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० हून जास्त. व्हिटॅमिन डीचे ६० हजार युनिटचे पाकीट कमतरता असेल तर आठवड्याला एक असे आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसे. ते वर्षभर दर आठवड्याला घेत राहू नका.

तुमच्यापैकी ज्या क्लिनिकांना आपली चिठ्ठी, फॉर्म किंवा माहितीपत्रक दुरुस्त करायचे असेल त्यांच्यासोबत बसून ते काम करायला आम्ही तयार आहोत. त्याचे शुल्क घेणार नाही.

आपले,
हॉर्मोन, हाडे आणि प्रयोगशाळा यांच्या कामातली मुंबईतली मंडळी